उद्योजक मंडळे आणि रातांब्याचा प्रश्न

कृषी विद्यापीठांतून विद्यार्थ्यांची उद्योजक मंडळे निघत आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु अशी मंडळे एका शाखेची असावीत की सर्व शाखांची, आणि ती अध्यापकांनी चालवावीत की विद्यार्थ्यांनी, याचा विचार व्हावा तितका झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

दापोलीचे उदाहरण घेऊ. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठात कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र व कृषी अभियांत्रिकी या शाखांचे शिक्षण मिळते. आता आपल्या परसातील रातांबा पाहा. फळ एप्रिलपासून पिकू लागते, आणि बरेचसे पीक जूनच्या पावसात सापडते. ऊन नसल्यामुळे आमसुले वाळत नाहीत. झाडाखाली फळांचा नुसता चिखल होतो. हा प्रश्न कोणत्या एका शाखेचा म्हणावा? पावसापूर्वी तयार होणारी 'कोकण अमृता' ही जात, आणि बियांपासून वाढविलेल्या झाडांत नर झाडे पुष्कळ निघतात म्हणून कलमेच लावावीत हा सल्ला, उद्यानविद्येचा विद्यार्थी देईल. पावसाळ्यात साल वाळविण्याचे साधन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने करावयाचे. आगळ टिकविणे व बियांचे तेल काढणे हे प्रक्रिया जाणणाऱ्याचे काम. या सर्वांवर जळणाचा, मजुरीचा आणि बाटलीचा खर्च मांडून विक्रीची किंमत ठरविणारा कोणी नसेल, तर तिघांचेही श्रम व्यर्थ जातील.

मंडळाचा कारभार विद्यार्थ्यांच्या हाती असावा, असा आमचा आग्रह आहे. अध्यापकांनी सल्ला द्यावा व हिशेब तपासावा. खरेदी, विक्री आणि नफातोटा मात्र विद्यार्थ्यांचा राहू द्यावा. व्याख्याने व पारितोषिके यांतच वर्ष संपविणारे मंडळ हे वक्तृत्व मंडळ होय! तथापि येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. मंडळाने शेतकऱ्याकडून माल रोखीने घ्यावा. प्रयोग फसल्यास तोटा मंडळाने सोसावा. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च बागाइतदाराच्या माथी मारू नये.

विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातो, मग उद्योग कोण चालविणार, अशी शंका घेतली जाते. शंका रास्त आहे. म्हणूनच गावातील महिला बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांना पहिल्या दिवसापासून भागीदार करावे, आणि कृती, मापे व ग्राहकांचे पत्ते वहीत मराठीतून लिहून त्यांच्या स्वाधीन करावेत.

२०१५ साली आरंभ झालेल्या 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमानुसार पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात येतातच. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांच्या हाती केवळ प्रश्नावली भरण्याचे काम देऊ नये. गावात रातांब्याची फळणारी झाडे किती, त्यांतील पावसापूर्वी उतरणारी किती, आणि वाळवणासाठी कोणाची पडवी मिळेल, याची यादी फेब्रुवारीपूर्वीच त्यांच्याबरोबर बसून तयार करावी.