घरातल्या ऑफिसला भोंगा नसतो

चाकणच्या कारखान्यात शिफ्ट संपली की कामगार कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि यंत्र मागे राहते. दिघीत त्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आयटी कर्मचाऱ्याचे तसे नाही. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्याचे ऑफिस घरात आले. नंतर कंपन्यांनी पुन्हा ऑफिसला बोलावले, तरी लॅपटॉप रोज घरी येतोच. दिघी ते हिंजवडी हा प्रवास वाचतो, मुलांसोबत जेवता येते. तरीही घरून काम करणाऱ्यांपैकी अनेकांची थकव्याची, चिडचिडीची तक्रार असते. असे का होते?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिने एक प्रयोग केला. कॉल सेंटरमधील काहींना आठवड्यातून चार दिवस घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, समाधानही वाढले. पण या १३ पैकी सुमारे नऊ टक्के वाढ केवळ जास्त वेळ काम केल्यामुळे झाली होती. विश्रांतीच्या सुट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या होत्या. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्याचे एक मोठे कारण होते. शिवाय, प्रयोगात भाग घेण्यासाठी घरात कामाची स्वतंत्र खोली असणे ही अट होती. दिघीतल्या दोन खोल्यांच्या घरात, शाळकरी मुले आणि आजी-आजोबांसोबत राहणाऱ्यांना ती किती लागू पडेल?

समाधान टिकते ते कामाच्या वेळेवर आपला ताबा असेल तर. दिवसभराच्या ताणातून सावरण्यासाठी मनाला कामापासून पूर्ण सुटका लागते. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर वरिष्ठांचा निरोप आला, तर उत्तर दोन मिनिटांचे असले तरी मन पुन्हा कामात जाते आणि झोप लांबते. व्हिडिओ कॉलचा शीण वेगळाच. स्टॅनफर्डचेच जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली: अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहत राहणे, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी मेंदूला करावे लागणारे जादा काम.

वाढलेले तास शरीरालाही महाग पडतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. हा अभ्यास सर्वच प्रकारच्या कामांचा आहे. पण घरी तास मोजायला गेट नसल्याने ते नकळत वाढतात.

फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. मात्र कंपन्यांना कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर निरोप न पाठवणे, मीटिंगमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवणे, ऑनलाइन हिरव्या ठिपक्याऐवजी झालेले काम पाहणे, चांगली खुर्ची-टेबल देणे आणि टीमने ठरावीक दिवशी ऑफिसात भेटणे, एवढे लगेच करता येते. ब्लूम यांच्याच २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामाचा दर्जा घसरला नाही.

कर्मचाऱ्यानेही स्वतःचा भोंगा ठरवावा: ठरलेल्या वेळी लॅपटॉप बंद करून नजरेआड ठेवावा आणि बाहेर एक फेरी मारून यावी. एवढे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल किंवा उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशनही मिळते.