काळाच्या नावावर

मराठी गद्यात पुष्कळशा गुन्ह्यांसाठी एकच आरोपी उभा केला जातो: काळ. वास्तू ढासळली की ती 'काळाच्या ओघात' ढासळते, बस उलटली की प्रवाशांवर 'काळाचा घाला' पडतो. या दोन्ही वाक्प्रयोगांना आमचा विरोध आहे, आणि त्यासाठी सिंदखेडराजाकडे बोट दाखवणे पुरेसे आहे.

जिजाऊंचे हे जन्मगाव प्रवासवर्णनांत 'भग्न वैभव' म्हणून येते. भग्न केले कोणी? २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीवर, निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांची हत्या झाली. सोबत दोन मुलगे आणि एक नातूही मारले गेले. १७२४ मध्ये जवळच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान लढले. १७५७ मध्ये पेशव्यांच्या फौजेने रामचंद्र जाधवांना खुद्द सिंदखेडात कोंडले. १८०३ च्या युद्धानंतर इथून गेलेल्या वेलस्लीने माणसे उपासमारीने मरत असल्याचे लिहून ठेवले. इथे फौजा आहेत, तारखा आहेत, तहही आहेत. काळाने नेमके काय केले?

याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस माणसे गेली. बस दाराच्या अंगावर पडली, त्यामुळे दार खाली दबले. अशा बसला बाहेर पडायच्या वाटा किती असाव्यात, काच फोडायला हातोडी कुठे असावी, चालकाला झोप किती मिळावी, हे प्रश्न 'काळाचा घाला' म्हणताच संपतात.

रूपकच ते, एवढे काय मनावर घ्यायचे, असे आमचेच काही सहकारी म्हणतात. (वर्गात मात्र हीच मंडळी कर्ता-कर्मासाठी गुण कापतात.) २०२४ मध्ये लखुजींच्या समाधीपाशी जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. काळाने ती गिळली नव्हती. तिथे कुणी खणले नव्हते, इतकेच.

यंदा सिंदखेडराजाचे सहलवर्णन लिहायला देताना आम्ही 'काळ' हा शब्द वर्ज्य केला. वह्या तपासून झाल्या. बहुतेकांनी त्या जागी 'नियती' लिहिले आहे.