जात विचारू नका, कुत्रं बघा

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस नुसती जात ऐकून पैसे मोजत नाही. तो दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि तरीही सोबतच्या जाणत्याला बाजूला घेऊन विचारतो. त्याच घरातला पोरगा मात्र मोबाइलवर आलेला फोटो पाहून शिह त्झूचं पिल्लू हजारो रुपये देऊन घेऊन येतो. का, तर घरात कुणाला तरी शिंकांचा त्रास आहे आणि फोटोखाली लिहिलंय, ‘केस गळत नाहीत, ॲलर्जी-फ्री’.

विक्रेत्याचा पक्ष आधी नीट मांडू. त्रास केसांचा असतो. पूडल, शिह त्झू, माल्टीज, लॅब्राडूडल यांचे केस कमी गळतात. तेव्हा त्रासही कमी. ऐकायला सरळ, पण याचा पहिला पायच लंगडा आहे. केस पोटात गेला की दमा लागतो, असं आपल्या आज्या सांगायच्या. विक्रेता तेच जुनं मत नव्या पाकिटात घालून विकतो. प्रत्यक्षात ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या, त्वचेच्या कोंड्यातल्या आणि मुतातल्या प्रथिनांची. त्यातलं मुख्य प्रथिन ‘कॅन एफ १’ नावाने ओळखलं जातं. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते, कोंड्याबरोबर तिची भुकटी होते. ती हवेत तरंगते, गादीत शिरते, कपड्यांना चिकटून कुत्रं नसलेल्या घरातही पोचते. केस हे फक्त वाहन. ज्याचे केस गळत नाहीत त्याला लाळ सुटायची थांबत नाही.

हे कुणी मोजलं आहे का? मोजलं आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2012 साली ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या केसांचे नमुने तपासले. कॅन एफ १ जास्त निघालं ते त्या नावाजलेल्या जातींच्या केसांत, आणि पूडल त्यांत होता. लॅब्राडूडल असलेल्या घरांच्या जमिनीवरच्या धुळीत ते काहीसं कमी आढळलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं; पण घरातल्या हवेत फरक दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी एकेक कुत्रं असलेल्या 173 घरांची धूळ तपासली होती. तिथंही जातीवरून काही ठरलं नाही.

यावर हमखास उत्तर येतं ते ओबामांचं. मुलीला ॲलर्जी, म्हणून 2009 मध्ये व्हाइट हाउसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा ‘बो’ आला. आला खरा. पण राष्ट्राध्यक्षांनी पाळला हा काही प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. त्यापेक्षा लॅब्राडूडलच्या जन्माचीच गोष्ट बोलकी आहे. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला तपासायला पाठवली, तर नवऱ्याला चाललं एकच पिल्लू! एका आईची, एका वेतातली भावंडं, आणि दोन नापास. ज्या जातीच्या नावावर आज हा सगळा धंदा चालतो, तिच्या पहिल्याच वेताने धंद्याचा दावा खोडून ठेवला होता. पुढे कॉनरन यांनी या उद्योगाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला, तोवर उशीर झाला होता.

आता दुसरा पक्ष, घरातल्या थोरल्यांचा. ‘ॲलर्जी हाय न्हवं? मग कुत्रं नकोच.’ हा पक्ष मी पहिल्याइतका हसण्यावारी नेणार नाही. ज्याचा दमा आटोक्यात नाही, रात्री धाप लागते, त्याच्या घरात कुत्रं आणू नये. तिथं हौस आणि माया दोन्ही गप्प बसावीत. पण नाक गळणं, डोळे चुरचुरणं एवढ्यावरून जन्मभराची बंदी घालणं हा निकाल पुराव्याआधीचा. आपल्या भागात शिंका आणणारे गुन्हेगार थोडे का आहेत? गादीतले धूळकीटक, पावसाळ्यात भिंतीवर चढणारी बुरशी, बांधावरचं काँग्रेस गवत. शिवाय उसाचा पाला पेटवला की नाका-घशात जाणारा धूर, तो ॲलर्जी नसलेल्यालाही खोकवतो. दारातलं कुत्रं समोर दिसतं म्हणून आळ त्याच्यावर. आधी डॉक्टरांकडून त्वचेची किंवा रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्वचेची असेल तर त्यांना विचारून ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल फसवा येतो.

तपासणीत कधी एक उपयोगी धागा हाती लागतो. ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं आणि काहींना ॲलर्जी असते ती एवढ्याचीच. त्यांना मादी किंवा खच्ची केलेला नर चालू शकतो. जात कुठलीही असो!

माझा पक्ष हा असा: जात निवडू नये, ते एक कुत्रं निवडावं. आणि जात गौण ठरली, की गल्लीतल्या गावठी कुत्र्याला नाही म्हणायचं कारण उरत नाही. त्याच्यामुळे ॲलर्जी कमी होते असा दावा मी करत नाही; तसा केला तर विक्रेत्यात आणि माझ्यात फरक काय? पण ते आपल्या उन्हात जगतं, फुकट मिळतं आणि मुख्य म्हणजे घेण्याआधी पारखता येतं. ज्याला त्रास आहे त्यानं त्याच्याजवळ बसावं, हात फिरवावा, हाताला चाटू द्यावं. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, आणि दरवेळी अंगावर, नाकाला काय होतं ते बघावं. दमा असलेल्यानं मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मग राहणीचा प्रश्न. कुत्र्याची जागा सोप्यात किंवा पडवीत, झोपायच्या खोलीत कधीच नाही. नृसिंहवाडीहून आणलेल्या दत्ताच्या तसबिरीतही चारही कुत्री पायाशी असतात, पलंगावर नसतात. आठवड्यातून दोनदा अंघोळ, कारण अंघोळीचा गुण दोन-तीन दिवसांपुरताच टिकतो. श्रावणात हे अवघड जातं, कुत्रं वाळता वाळत नाही, पण त्याला इलाज नाही. अंग विंचरायचं काम ज्याला ॲलर्जी नाही त्याचं, तेही अंगणात. घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओलं पोतेरं फिरवावं, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये. याने प्रथिनं शून्यावर येत नाहीत. कमी होतात, आणि सौम्य त्रास असलेल्या बऱ्याच जणांना तेवढं पुरतं.

एवढं करूनही जमलं नाही तर? ते आणण्याआधीच ठरवावं. मळ्यातली वस्ती, मामाचं घर, कुणीतरी आधीच ‘हो’ म्हटलेलं असावं. केस विंचरून वाढवलेलं शिह त्झू हायवेच्या कडेला सोडून दिलं, तर गावठी कुत्र्यांच्या टोळीत त्याची एक रात्रही निघत नाही.