मुक्तस्रोतातील देणगी आणि तिचे ओझे

अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गेल्या काही वर्षांत एक नवा उपदेश सर्वत्र ऐकावयास मिळतो. नुसती पदवी पुरेशी नाही, उत्तम गुणही पुरेसे नाहीत. एखाद्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पात तुम्ही केलेले बदल दिसले पाहिजेत, असे त्यांना सांगितले जाते. सानपाडा स्थानकावर हार्बरची गाडी सोडून ठाण्याकडच्या गाडीत चढणारे आणि महापे-ऐरोलीच्या कचेऱ्यांत उमेदवारी करणारे तरुणही हे ऐकून असतात. उपदेश चांगलाच आहे. मात्र तो ज्या रीतीने पाळला जात आहे ती पाहता, या व्यवहारात देणारा नेमके काय देतो आणि घेणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचा हिशेब एकदा मांडणे आवश्यक झाले आहे.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वाधिक वापरातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे मूल्य काढण्याचा प्रयत्न केला. ते एकदाच नव्याने लिहावयाचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. परंतु ते वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापले लिहून घ्यावे लागले असते, तर खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता, असा त्यांचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधील अंतर हीच सामायिक मालमत्तेची कमाई होय.

नस्तीचा प्रवास

या मालमत्तेत भर कशी पडते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या वाचकाला समजावयास कठीण नाही. कोणी एक जण आज्ञावलीतील दोष शोधतो, दुरुस्ती लिहितो आणि ती का आवश्यक आहे याची टिपणी जोडून पुढे पाठवितो. त्या विभागाचा सांभाळ करणारा ती वाचतो, शंका काढतो, परत पाठवितो. समाधान झाले की वर पाठवितो. लिनक्समध्ये २००४ पासून असा नियमच आहे की, बदल करणाऱ्याने आणि तो पुढे नेणाऱ्या प्रत्येकाने त्याखाली आपल्या नावाची ओळ घातली पाहिजे. लिपिकापासून सचिवापर्यंत प्रत्येकाची आद्याक्षरी घेत जाणारी नस्ती आणि हा बदल यांत तत्त्वतः फारसा फरक नाही. फरक एवढाच की, येथील नस्ती साऱ्या जगाला उघडी असते आणि कोण कोठे चुकला हे वीस वर्षांनंतरही वाचता येते. २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच तयार केलेल्या ‘गिट’ या साधनाने ही नोंद ठेवणे सुलभ केले आणि पुढे ‘गिटहब’सारख्या सेवांनी बदल पाठविणे हे बटण दाबण्याइतके सोपे करून टाकले.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. पाठविणे सोपे झाले. वाचणे सोपे झाले काय?

दुर्मिळ वस्तू कोणती?

सामायिक मालमत्तेविषयी गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. गायरान सर्वांचे असेल तर प्रत्येक जण आपले गुरू अधिक सोडील आणि शेवटी गवत उरणार नाही, असे त्यांनी मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरचे दाखले तपासून सिद्ध केले की, लोक स्वतःच नियम घालून अशी मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकवूही शकतात. या कामाबद्दल २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला त्यासाठी दूर जावयास नको. धुळे-नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धती हेच सांगते. बंधाऱ्याचे पाणी पाटकऱ्याने वाटावे, पिकाची राखण जागल्याने करावी, पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करावी आणि पाटकरी-जागल्यांचा मोबदला पाण्याचा लाभ घेणाऱ्या शेतकऱ्यांनी द्यावा, अशी ती व्यवस्था होती.

सॉफ्टवेअर हे मात्र गवतही नव्हे आणि पाणीही नव्हे. कोट्यवधी लोकांनी वापरले तरी ते कणभरही कमी होत नाही. म्हणून येथे काही दुर्मिळ नाहीच, असा समज होतो. वस्तुतः दुर्मिळ आहे ते सांभाळ करणाऱ्याचे लक्ष. आलेला प्रत्येक बदल त्याला वाचावा लागतो, तपासावा लागतो, आणि एकदा स्वीकारला की त्याची जबाबदारी पुढे त्याच्यावर येते. सानपाड्यासारख्या सिडकोच्या वसाहतीत, सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या कोणालाही हे पटकन उमजेल. एखादा सभासद हौसेने गच्चीवर बाग करतो; काही वर्षांनी तो सदनिका विकून निघून जातो; गळती मात्र सोसायटीच्या माथी राहते. बागेला नको म्हणणाऱ्या सचिवाला त्या वेळी सर्वांनी अरसिक ठरविलेले असते. मुक्तस्रोत प्रकल्पात दिलेला बदल ही अशीच देणगी असते. तिच्यासोबत सांभाळण्याचे कर्तव्य येते आणि ते देणाऱ्याबरोबर निघून जात नाही.

टी-शर्टचे अर्थशास्त्र

हे ध्यानात न घेता केवळ संख्येला बक्षीस दिले की काय होते, त्याचा दाखला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उत्सव भरवीत असे. चार बदल पाठवावे आणि टी-शर्ट मिळवावा, अशी योजना होती. हेतू नवशिक्यांना प्रोत्साहन देण्याचा होता. परंतु त्या वर्षी माहितीपत्रात एखादे विशेषण घालणे, मथळ्यात एखादा शब्द वाढविणे अशा निरर्थक बदलांचा पूर आला. तिसऱ्या तारखेलाच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांची संमती असेल, त्यांच्यापुरताच उत्सव. २०२४ च्या प्रारंभी ‘एक्सप्रेस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाच्या माहितीपत्रात स्वतःचे नाव घालू पाहणाऱ्या बदलांची अशीच रांग लागली. भारतातील एका लोकप्रिय शिकवणी-चित्रफितीत बदल कसा पाठवावा हे नमुन्यादाखल दाखविले होते. विद्यार्थ्यांनी नमुनाच उतरवून काढला.

या विद्यार्थ्यांना हसणे सोपे आहे. पण दोष त्यांचा थोडा आणि त्यांना घडविणाऱ्या आपला अधिक आहे. प्रात्यक्षिकाची वही मागील वर्षाच्या वहीवरून उतरवावी, प्रकल्प-अहवाल विकत आणावा आणि शिक्षकाने पाने मोजून गुण द्यावे, ही रीत आपण चालू दिली. जे मोजले जाते तेच निपजते. वहीची पाने मोजली तर पाने वाढतात, बदल मोजले तर बदल वाढतात. ज्ञान वाढेलच असे नाही. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आज्ञावली लिहिणे आणखी स्वस्त केले आहे. लिहिण्याची किंमत शून्याकडे जात असताना वाचणाऱ्याच्या तासाची किंमत मात्र तेथेच आहे.

विश्वास आणि घातपात

हा ताण किती दूरवर जाऊ शकतो, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. माहिती आकुंचित करणारे ‘एक्सझेड’ हे छोटे सॉफ्टवेअर लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते. त्याचा सांभाळ दीर्घकाळ मुख्यतः एकच गृहस्थ विनावेतन, छंद म्हणून करीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या कोणी तेथे उपयुक्त बदल पाठवून विश्वास संपादन केला. इतर काही नावांनी, काम संथ चालले आहे, दुसऱ्याला अधिकार द्या, असा लकडा लावला गेला. अधिकार मिळाल्यावर त्या सज्जन भासणाऱ्या साहाय्यकाने परक्याच्या संगणकात शिरण्याची चोरवाट आज्ञावलीत दडवून ठेवली. मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकाशी जोडणी होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, त्याने त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी हा प्रकार उघडकीस आणला. तोवर ती आवृत्ती सर्वदूर पसरली नव्हती, म्हणून अनर्थ टळला.

या घटनेवरून मुक्तस्रोताची पद्धतच सदोष आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आज्ञावली उघडी नसती, तर तो अर्धा सेकंद कोठे जातो हे बाहेरच्या माणसाला शोधताच आले नसते. बोध वेगळा आहे. ज्या पाटावर हजारोंची शेती अवलंबून आहे, त्याच्या एकुलत्या एक पाटकऱ्याला कोणी मोबदला देत नव्हते आणि त्याच्या मदतीलाही कोणी जात नव्हते. जो गेला, तो पाट फोडावयास गेला.

मराठीचे काम कोण करणार?

आपल्या विद्यार्थ्यांना करण्याजोगे खरे काम नाही, असे मुळीच नाही. मराठीपुरतेच पाहू. संगणकात मराठी, हिंदी व नेपाळी यांना देवनागरीचा एकच सांकेतिक संच आहे. परंतु ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतील मराठीचा खास अर्धा र नीट उमटणे, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिसणे, नावांच्या यादीत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोठे बसवावयाचे हे ठरणे, यांसाठी मराठी जाणणारा माणूसच लागतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडविलेली आणि २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने मुक्त केलेली ‘लोहित’ अक्षरसंचांची मालिका हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०११ मध्ये तिचा परवाना अधिक सोयीचा करण्यात आला आणि पुण्यातील अभियंत्यांनी तिचा पुढे सांभाळ केला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे अक्षरसंचही असेच खुले आहेत. लिब्रे-ऑफिस, फायरफॉक्स यांची मराठी रूपे उपलब्ध आहेत, तीही कोणीतरी एकेक ओळ भाषांतरित केली म्हणून.

यांतील पुष्कळशा कामाला आज्ञावली लिहिता येण्याचीही गरज नाही. यादी चुकीची लागते हे ज्या लिपिकाला रोज जाणवते, त्याने ती चूक नमुन्यासह नीट लिहून कळविली तरी ते योगदानच आहे. भाषांतरातील अवघड शब्द पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या मराठीच्या शिक्षकाने पर्याय सुचविला, तर तेही आहे. दूरदेशीच्या अभियंत्याला ‘वाऱ्या’ आणि ‘वार्या’ यांतील फरक बोचणार नाही. ज्याला तो बोचतो, त्यानेच तो निस्तरावयास हवा.

उपाय हाताशी आहेत

पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने एक मार्ग दाखविलेला आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या साहाय्याने चालणाऱ्या या प्रकल्पात विद्यार्थी एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक घेऊन त्यातील सोडविलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या मुक्तस्रोत साधनात बसवितात; काम तपासले जाते, मगच ते सर्वांसाठी खुले होते आणि विद्यार्थ्याला मानधन मिळते. मानधन येथेही आहे, परंतु ते तपासून स्वीकारलेल्या कामाला आहे आणि तपासण्याची व्यवस्था योजनेतच धरलेली आहे. टी-शर्टच्या योजनेत नेमकी तीच नव्हती.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र-प्रकल्प आणि समाजसहभाग यांना आता श्रेयांक आहेत. त्यांत मुक्तस्रोताच्या कामाला स्थान देता येईल. मात्र गुण बदलांच्या संख्येवर देऊ नयेत. एकच प्रकल्प वर्षभर धरावा. प्रारंभी इतरांनी कळविलेले दोष पडताळून पाहावे, मग एखादी लहान दुरुस्ती करावी, तीवर झालेली चर्चा आणि मिळालेला नकारसुद्धा शिक्षकापुढे मांडावा. आपल्या कामावर परक्या, जाणत्या माणसाची टीका वाचून ते पुन्हा करणे, हे शिक्षण आपल्या परीक्षापद्धतीत अन्यत्र कोठेही मिळत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. स्वीकारणे झाले, सांभाळण्याच्या वर्गणीचे काय? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत सिंकिंग फंडासाठी दरसाल बांधकाम-खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम बाजूला काढण्याची तरतूद आहे, कारण इमारत आज धड असली तरी उद्या झिजणार हे सर्वांना मान्य आहे. जर्मनीने २०२२ मध्ये अशा सामायिक सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. आपल्याकडे झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये दरसाल १० लाख डॉलरपर्यंतच्या निधीची घोषणा केली. राज्य सरकारच्या प्रत्येक संगणकीकरणाच्या कंत्राटात, त्यात वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत घटकांच्या देखभालीसाठी असाच एक अल्प अंश का राखून ठेवू नये? तो पैसा पुण्या-मुंबईतील सांभाळ करणाऱ्यांना, विशेषतः मराठीचे काम करणाऱ्यांना मिळाला, तर विद्यार्थ्यांनी पाठविलेले बदल वाचावयास कोणीतरी जागेवर असेल. तोवर निदान आपल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला ‘किती बदल पाठविलेस?’ असे विचारणे थांबवावे आणि ‘कोणते काम सांभाळतोस?’ असे विचारावयास लागावे.