'प्रिन्सिपल' : उच्चार एक, अर्थ अनेक

'प्रिन्सिपल' म्हणताच आपल्याला प्राचार्य आठवतात. विशेषण म्हणून त्याचाच अर्थ प्रमुख. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर मुद्दल. शेवटच्या 'ए-एल'ऐवजी 'एल-ई' लिहिले, की उच्चार तोच राहून अर्थ होतो तत्त्व. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद मांडला. नियम सांगितल्याबरहुकूम पाळायचा, तत्त्व मात्र विवेकाने आचरायचे. आम्ही शिक्षक लाल शाईने स्पेलिंग तेवढे सुधारतो, अर्थ क्वचितच विचारतो. हे मला अपुरे वाटते. कर्जाचा तो कागद वडिलांना वाचून दाखविणारे मूल आपल्याकडे बहुधा घरातले पहिलेच शिकलेले असते.