चांगुलपणाचे पॉइंट्स किती?

रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावा. एक जण गेम खेळत असतो आणि मागून सल्ले देणारे तिघं असतात. "अबे, त्या म्हातारीला मदत कर, नंतर तलवार मिळते!" माझं दुखणं याच वाक्यात आहे. मदत म्हातारीसाठी नाही, तलवारीसाठी!

रोल-प्लेइंग गेममध्ये चांगलं वागायचं की वाईट, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं. दोन्ही बाजूंचं बक्षीस सारखं हवं, नाहीतर चांगलं कोण वागेल, असं पुष्कळांचं मत. मला ते मुळीच पटत नाही.

2007 चा 'बायोशॉक' घ्या. तो खरं तर शूटर, पण हिशोब तिथे स्वच्छ दिसतो. छोट्या मुलीचा जीव घेतला तर 160 अ‍ॅडम, म्हणजे शक्ती विकत घ्यायचं चलन. तिला वाचवलं तर 80. इथवर उत्तम! पण तीन मुली वाचवल्या की 200 अ‍ॅडमची भेट येते. म्हणजे तिघींना मारलं तर 480, वाचवलं तर 440, शिवाय भेटीत इतर वस्तू. यात त्याग कुठे आहे? ही तर फिक्स्ड डिपॉझिट!

बरं, लालूच दाखवल्याशिवाय लोक चांगलं वागत नाहीत, हेही खरं नाही. त्याच वर्षी आलेल्या 'मास इफेक्ट'मध्ये सभ्यपणाला निळे गुण होते आणि दांडगाईला लाल. फायदा दोन्हीकडे होता. तरी सुमारे 92 टक्के खेळाडू सभ्य बाजूनेच गेले, असं त्या गेमवर काम केलेल्या एका डिझायनरने 2020 मध्ये सांगितलं.

आपल्याकडे मोक्षपट होता, आजच्या सापशिडीचा पूर्वज. त्याचं श्रेय परंपरेनं ज्ञानेश्वरांना दिलं जातं. तिथे सद्गुणाला शिडी आणि दुर्गुणाला साप. पण कवड्या पडतील तसं जायचं, निवड नाहीच. कॉम्प्युटरने निवड दिली आणि लगेच तिची किंमत काढून घेतली.

खरी निवड कशी असते, हे पांढरकवड्याच्या लोकांना सांगायला नको. अवनी वाघिणीने 13 माणसं मारली, असं वन विभागाचं म्हणणं होतं. तिला दोन लहान बछडेही होते. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली. इकडच्या गावांत फटाके फुटले, शहरांत निदर्शनं झाली. यात निळं उत्तर कोणतं आणि लाल कोणतं? काहीही ठरवलं असतं तरी काहीतरी गमवायचंच होतं. आणि जुना सेव्ह लोड करायची सोय नव्हती.

2015 च्या 'विचर 3' मध्ये याची थोडी चव मिळते. झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडलं तर अनाथ पोरं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं. हे कळतं नंतर. चांगल्या-वाईटाचे पॉइंट्स नाहीतच.

म्हणून माझं मत असं, की चांगल्या वागण्याला बक्षीस कमीच असावं. फक्त गेममधल्या माणसांनी ते लक्षात ठेवावं, म्हणजे झालं.

कारण ही सवय स्क्रीनवरच राहत नाही. रक्तदानाला जाताना आपण आधी विचारतो, "सर्टिफिकेट मिळणार ना?" शिबिराला जाताना विचारतो, "मार्क किती?" मित्रांनो, एखादं काम शून्य पॉइंट्सवर करून बघा. परवडतंय का, ते तिथेच कळेल!