हवेंतील उड्या आणि वहींतील नोंदी

मुलांचा खेळ आणि वडीलधाऱ्यांची धास्ती ह्यांचें नातें फार जुनें आहे. गंजिफा मागें पडला, पत्ते आले. पत्त्यांच्या मागून बोलपट आला, दूरदर्शन आलें, आणि आतां पडद्यावर खेळावयाचे खेळ घरोघरीं पोंचले आहेत. प्रत्येक वेळीं वडील मंडळींनीं एकच प्रश्न विचारला : ह्यांतून मुलाच्या पदरांत पडणार काय? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारण्यापूर्वीं मूल त्या खेळाशीं नेमकें काय करीत आहे, हें जवळ बसून पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

गोंदिया जिल्ह्यांतील एका एकत्र कुटुंबांतून एका भगिनीनें ह्याच जातीचा प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे. धाकट्या दिरांनीं परदेशाहून आणलेलें एक जुनें खेळयंत्र त्यांच्या घरीं आहे. त्यावर 'मारिओ कार्ट वी' नांवाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालतो. थोरल्या जाऊबाईंचा चौदा वर्षांचा मुलगा तो नुसता खेळत नाहीं; पात्र उंचवट्यावरून उडालें म्हणजे हवेंत काय काय करतें, ह्याचीं टिपणें तो एका दोनशें पानी वहींत करीत असतो. सासरेबुवांच्या मतें ही वही म्हणजे शाईचा नाश. सासूबाईंच्या मतें मुलाचें अक्षर तरी सुधारत आहे. वही रद्दींत घालावी कीं राहूं द्यावी, ह्याचा निवाडा भगिनीनें आमच्याकडे मागितला आहे.

आमचा निवाडा असा कीं, वही राहूं द्यावी. मात्र ती आहे त्याहून चांगली करवून घ्यावी. ह्याचीं कारणें सांगण्यापूर्वीं ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्याकरितां त्याची थोडी ओळख करून देतों.

जपानच्या निंटेंडो कंपनीनें १९९२ सालीं 'सुपर मारिओ कार्ट' हा खेळ काढला. मिशाळ मारिओ, त्याचा भाऊ लुइजी, राजकन्या पीच, दांडगा बाउझर अशीं आठ पात्रें त्यांत लहानशा गाड्यांत बसून शर्यत लावीत. त्याच मालिकेंतील 'मारिओ कार्ट वी' हा भाग २००८ सालीं निघाला आणि त्याच्या ३ कोटी ७० लाखांहून अधिक प्रती जगभर खपल्या. ह्या भागांत एक नवी गंमत आली. गाडी चढावाच्या कडेवरून सुटते त्याच क्षणीं खेळणाऱ्यानें हातांतील साधन झटकलें, तर पात्र हवेंत एखादी कसरत करतें आणि जमिनीवर उतरतांच गाडीस क्षणभर जास्त वेग मिळतो. झटक्याची वेळ चुकली तर कसरतही नाहीं आणि वेगही नाहीं. झटका वर, खालीं, डावीकडे वा उजवीकडे द्यावा तशी कसरत पालटते, आणि पात्रापात्राची तऱ्हा निराळी असते.

अशी उडी जेमतेम सेकंदभर टिकते. एकटा खेळाडू खेळत असेल तर तेवढ्यांत पडद्यावरून ६० चित्रें सरकून जातात. त्यांतील प्रत्येक हालचाल कोणीतरी मुद्दाम घडविलेली असते. पात्राच्या अंगांत एक अदृश्य सांगाडा कल्पिलेला असतो. कलावंत त्याच्या मोजक्या ठळक अवस्था ठरवितो आणि मधल्या अवस्था यंत्र भरून काढतें. खेळणाराचें सारें लक्ष पुढच्या वळणाकडे असल्यामुळें ही कारागिरी बहुधा कोणाच्याच डोळ्यांत भरत नाहीं. ती ज्या मुलाच्या डोळ्यांत भरली, तो मुलगा निदान डोळे मिटून खेळत नाहीं, एवढें तर कबूल केलेंच पाहिजे.

डोळे उघडे असले म्हणजे सर्व दिसतें, असें मात्र समजूं नये. धांवत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात कीं नाहीं, हा वाद पाश्चात्त्य देशांत पुष्कळ दिवस चालला होता. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिज ह्या छायाचित्रकारानें धांवेच्या कडेनें ओळीनें १२ कॅमेरे मांडून त्याचा निकाल लावला. चारही पाय सुटतात. परंतु चित्रकार ते पुढेंमागें ताणलेले दाखवीत आले होते, आणि प्रत्यक्षांत ते पोटाखालीं गोळा झालेले असतांना सुटतात! शतकानुशतकें माणसें घोडे पाहत होतीं, आणि कोणासही तें नीट दिसलें नव्हतें. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पुढें आणण्यापूर्वीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्यानें टिपून तिचा लहानसा चित्रपट केला होता. एकानें वेगवान गोष्ट उलगडली, दुसऱ्यानें संथ गोष्ट आटोपशीर केली. दोघांनींही डोळ्यांच्या उणीवेवर नोंदीचा उतारा शोधला.

आतां वहीकडे वळूं. भगिनीनें तिच्यांतील दोनचार ओळी उतरून पाठविल्या आहेत. त्यांत "भारी उडी", "गोल उडी", "एकदम मस्त" असे शब्द आहेत. हा वहीचा दोष आहे. "मस्त" ह्या शब्दावरून लिहिणाऱ्यास काय वाटलें तें कळतें. पात्रानें काय केलें तें कळत नाहीं. नोंद अशी असावी : "उजवा हात वर, डावा सुकाणूवर, अंगाची उजवीकडे एक पूर्ण गिरकी, मान शेवटीं सरळ." जें दिसलें तें आधीं, जें वाटलें तें मागाहून आणि निराळ्या रकान्यांत. हा धडा ज्यास एकदां लागला, तो पुढें वैद्यकाच्या शाळेंत जावो वा न्यायालयांत, त्यास जन्मभर पुरतो.

शब्दांची उणीव आहे म्हणावें, तर तसेंही नाहीं. शरीराच्या हालचालींस नांवें देण्याच्या कामीं आपला देश कधींच दरिद्री नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रांत १०८ करणें सांगितलीं आहेत, आणि चिदंबरम् येथील देवळाच्या गोपुरांत तीं दगडांत कोरलेलीं आजही पाहावयास मिळतात. मराठींत तर ह्याहून जवळचें उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हां उजेडांत आणली. त्या विद्येंतील उड्या व पकडी अढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा अशा नांवांनीं ओळखल्या जातात. पुढें बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनीं 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत संपादिला आणि अशा विद्या चित्रांसह कागदावर आणल्या. नांव मिळालें म्हणजे उडी हवेंतून भाषेंत उतरते, आणि भाषेंत उतरलेली गोष्ट पुढच्या पिढीच्या हातीं देतां येते. पडद्यावरील पात्राच्या गिरकीस "फिरकी" म्हणण्यास हरकत कोणाची? घरांतील एखाद्या काकांनीं तरुणपणीं मल्लखांब केला असेल, तर त्यांस ह्या कामीं अवश्य बोलवावें.

आतां पद्धतीविषयीं. खेळणाऱ्याचा स्वतःचा चेहरा घेणारें पात्र वगळलें, तर ह्या खेळांत २४ पात्रें आहेत. वाहनें गाडी आणि दुचाकी अशीं दोन जातींचीं. झटक्याच्या दिशा चार. म्हणजे कोष्टकाच्या १९२ ओळी झाल्या. प्रत्येक ओळ निदान तीनदां पाहून मगच भरावी. दोन ओळींतील कसरत सारखीच निघाली, तर "सारखी" असें लिहावें. तीही नोंदच होय. न पाहिलेली ओळ अंदाजानें भरूं नये, ती कोरीच ठेवावी. कोरी ओळ लाजिरवाणी नसते. खोटी ओळ असते.

हें काम एकट्याचें नव्हे, आणि येथेंच एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग आहे. जो गाडी हांकतो त्यास पाहतां येत नाहीं. जो पाहतो त्यास लिहितां येत नाहीं. म्हणून एकानें खेळावें, दुसऱ्यानें मोबाईलच्या कॅमेऱ्यानें पडदा टिपून तें चित्रण मंदगतीनें लावावें, तिसऱ्यानें लिहावें. मात्र येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पाहण्यांत असें येतें कीं, सुकाणू मुलांच्या हातीं राहतें आणि लेखणी बहिणींच्या हातीं दिली जाते; वर "हिचें अक्षर छान आहे" अशी शाबासकी! ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. दर दहा ओळींमागें तिन्ही कामें आळीपाळीनें फिरलीं पाहिजेत.

नोंद खरी उतरली कीं नाहीं, ह्याची एक सोपी कसोटी आहे. ज्यानें तो खेळ पाहिलेला नाहीं अशा घरांतील माणसास ती ओळ वाचून दाखवावी आणि तशी हालचाल करावयास सांगावें. पाटावर बसल्या बसल्या आजोबांचा उजवा हात बरोबर वर गेला आणि मान बरोबर सरळ झाली, तर ओळ उत्तम समजावी. वहीवरील त्यांचा राग निम्मा तेथेंच उतरेल, असाही आमचा अंदाज आहे.

कोणी विचारील, पडद्यावरील खेळ कोठें पळून जातो कीं काय, म्हणून त्याच्या नोंदी कराव्या? पळून जातो, हेंच त्याचें उत्तर आहे. ह्याच खेळांत दूरदूरच्या खेळाडूंस एकमेकांशीं जोडणारी कंपनीची सेवा २० मे २०१४ रोजीं बंद झाली. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत विकत मिळत नाहींत, असें तेथील एका संस्थेच्या २०२३ च्या पाहणींत आढळलें. ज्या वस्तूच्या कोट्यवधि प्रती निघाल्या तिची ही कथा; मग जी गोष्ट एकदांच घडते तिची काय वाट?

येथें आम्हांस गोंदिया जिल्ह्याची आठवण दिल्यावांचून राहवत नाहीं. भवभूतीचें पद्मपूर तें आमगांवाजवळचेंच, असें अनेक विद्वान मानतात. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत लक्ष्मण रामसीतेस त्यांच्याच गतायुष्याचीं चित्रें दाखवितो, आणि तीं पाहतां पाहतां गेलेला काळ त्यांच्यापुढें जिवंत उभा राहतो. नोंदीचें सामर्थ्य ह्याहून सुंदर रीतीनें क्वचितच कोणी दाखविलें असेल. त्याच भूमींत पीक घरांत आल्यावर गांवोगांव शंकरपट भरतो. बैलजोड्या धांवतात, हलक्या गाडीवर धुरकरी तोल सांवरतो, आणि रात्रीं झाडीपट्टीचें नाटक रंगतें; कोठें दंडारही उभी राहते. पडद्यावरील शर्यतीचा हा आपल्या मातींतला थोरला भाऊच होय.

७ मे २०१४ रोजींच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. बंदीच्या वेळीं जें मूल सहा वर्षांचें होतें, तें परवानगी मिळेपर्यंत तेरा वर्षांचें झालें. त्या मधल्या काळांत जे वृद्ध धुरकरी गेले, ते उभें कसें राहत, कासरा कसा धरीत, जोडीस कोणत्या हांकेनें आवरीत, हें किती जणांनीं लिहून ठेवलें असेल?

मात्र पटांत जी एक गोष्ट आहे ती पडद्यावर नाहीं. मारिओ कितीही आपटला तरी त्यास दुखत नाहीं, बैलास दुखतें. बंदी आली ती ह्याच दुःखामुळें, आणि परवानगी मिळाली तीही बैलास इजा न करण्याच्या अटीवर. म्हणून पटाची नोंद करणाऱ्यानें केवळ धुरकऱ्याची ऐट टिपून भागणार नाहीं. बैलाच्या तोंडाला फेंस आला काय, शेपूट पिरगाळलें गेलें काय, धांव संपल्यावर त्यास पाणी व सांवली मिळाली काय, हेंही त्याच निर्विकार अक्षरांत लिहिलें पाहिजे. ज्या डोळ्यानें सेकंदभराच्या उडींतील मान टिपली, त्या डोळ्यास बैलाची धाप दिसत नसेल, तर ती सर्व तालीम फुकट गेली असें आम्ही म्हणूं.

तेव्हां आमचा सल्ला थोडक्यांत असा. वहीच्या पहिल्या पानावर खेळाचें नांव, त्याचें वर्ष आणि नोंदीस आरंभ केल्याची तारीख घालावी. जितका वेळ खेळास, निदान तितकाच वहीस द्यावा, आणि दोन्ही अभ्यास आटोपल्यानंतर. वही अर्धी भरली कीं खेळाच्या नोंदी तेथेंच थांबवाव्या. उरलेलीं पानें येत्या हिवाळ्यांतील पटासाठीं आणि दंडारीसाठीं राखून ठेवावीं. तीं पानें भरलीं म्हणजे ह्या मासिकाकडे अवश्य पाठवावीं. आम्ही तीं आनंदानें वाचूं.